दाराशी ठेवलेलं ताट

ताई,

यजमान जाऊन चार महिने झाले. चर्चच्या मंडळीतल्या बायका रोज प्रार्थनेला येतात, ते तुम्हाला नकोसं होतं. कडी लावून एकटं बसावंसं वाटतं, हा अविश्वास तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय. आणि सहीच्या वर जाता जाता एक ओळ: 'मुलगा रात्री ताट दाराशी ठेवतो, सकाळी तसंच उचलतो.'

मला त्या ताटाबद्दल बोलायचंय.

आधी बायकांचं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला मारल्याचं कळताच येशू होडीत बसून एकांतात निघाला. लोक मागोमाग आले, त्यांना त्याने जेवू घातलं, मग त्यांना आणि शिष्यांनाही स्वतःच वाटेला लावून तो डोंगरावर एकटा गेला (बायबल, मत्तय १४). तेव्हा पाळकबाईंकडे बेलाशक निरोप धाडा: आठवड्यातून एकदाच या.

आता बायबलातलं '१ राजे', अध्याय १९ काढा. संदेष्टा एलीया चाकराला बैर-शेब्यात ठेवून दिवसभराची वाट चालतो, रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो, पण उपदेशाचं अवाक्षर काढत नाही. 'ऊठ, खा' म्हणतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो, पुन्हा आडवा होतो. देवदूत पुन्हा उठवून खायला लावतो. त्या अन्नाच्या बळावर चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगराला पोचतो, आणि देवाची मंद वाणी त्याला तिथे ऐकू येते. तुम्ही मधली भाकरच वगळलीत. रिकाम्या पोटी रात्री डोळा लागत नाही, दिवसा ग्लानी असते, प्रार्थनेला बसलं की तोच तो विचार गरगरत राहतो. ह्याला एकांत म्हणू नका, ही उपासमार आहे.

आणि बाप त्याचाही गेलाय, हो! अख्ख्या पत्रात त्याच्या वाट्याला ही एवढीच ओळ? अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत जीव मरणप्राय खिन्न झाला असताना येशूने तिघा शिष्यांना सोबत नेलं आणि त्यांच्यापासून धोंड्याच्या टप्प्याइतकाच लांब गेला. तुम्ही मात्र कडीच घातलीत.

आज रात्री त्याच्यासमोर बसून जेवा. अर्धी भाकरी, वाटीभर आमटी. गिळवत नसेल तर मऊ भात कालवून घ्या. बोलायलाच हवं असं नाही. एलीयासारखं मरण मागावंसं वाटत असेल, तर ते मात्र आजच त्याच्या कानावर घाला आणि उद्या सकाळी दोघं मिळून डॉक्टरांकडे जा.

जेवून झालं की अर्धा तास खोलीत. दार नुसतं लोटायचं, फोन बाहेर ठेवायचा. स्तोत्र ८८ मोठ्यानं वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ शोधत बसू नका. पहिले काही दिवस पुरतं वाचून होणार नाही; जिथे आवाज अडेल तिथे बोट ठेवा, दुसऱ्या दिवशी तिथून पुढे.