आईच्या पायांच्या जळजळीसाठी कीफ, रोझिन की तेल? आधी गोळ्यांची यादी काढा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मधुमेहामुळे आईच्या पायांत आग होते, म्हणून कॅनडातल्या मिसिसागात गांजाच्या परवानाधारक दुकानातून कीफची डबी आणलीत. दुकानात रोझिनही सुचवलं. दोन्ही केमिकलशिवायची, म्हणून तीच बरी का, घरी तुपात उतरवता येतील का आणि डिसेंबरात आई पुण्याला जाताना थोडं बरोबर देता येईल का, असं विचारलंत. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंत की तिला स्टेंट बसवलाय आणि क्लोपिडोग्रेल (रक्तात गुठळी होऊ न देणारी गोळी) चालू आहे. त्या शेवटच्या ओळीमुळे हे लिहायला बसले.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. ओन्टारिओत राहते आणि बाबांच्या दुखण्यामुळे या विषयात उतरावं लागलं. पुढचं सगळं तेवढ्याच अधिकाराने वाचा.

आधी फरक थोडक्यात. गांजाच्या वाळलेल्या फुलांवरचे राळेचे कण चाळून जमवलेली पूड म्हणजे कीफ. तीच पूड ऊब देऊन दाबली की हॅश. फुलं बर्फाच्या पाण्यात ढवळून बारीक जाळीच्या पिशव्यांतून गाळली की बबल हॅश. गरम पत्र्यांमध्ये फुलं किंवा हॅश दाबून जी चिकट राळ बाहेर येते ती रोझिन. हिमाचलातल्या मलाण्याचा चरस याच घराण्यातला, फक्त तो उभ्या झाडाच्या ताज्या फुलांवर तळहात घासून काढतात. या कशातच द्रावक, म्हणजे राळ विरघळवणारं रसायन, वापरत नाहीत, हे खरं आहे. शॅटर, वॅक्स, लाइव्ह रेझिन यांत बहुधा ब्युटेनने राळ सोडवतात आणि मग ब्युटेन काढून टाकतात. परवान्याच्या मालात द्रावक किती उरलं याची तपासणी होते. त्यामुळे ‘केमिकल नाही’ या एका गोष्टीवर आईसाठी निवड करणं मला पटत नाही. तिला त्रास झालाच तर तो टीएचसीच्या, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाच्या, मात्रेने होईल, नाहीतर गोळ्यांशी झालेल्या झटापटीने.

मात्रेचा हिशेब बघा. नवख्या माणसाने तोंडावाटे २.५ मिलिग्राम टीएचसी किंवा त्याहून कमीवर सुरुवात करावी, असं कॅनडाचं आरोग्य खातं, हेल्थ कॅनडा, सांगतं. ४० टक्क्यांच्या एक ग्रॅम कीफमध्ये ४०० मिलिग्राम असतं, म्हणजे तशा १६० मात्रा. ७० टक्क्यांच्या रोझिनमध्ये २८०. नखाच्या टोकावर मावेल एवढ्या कणात आईची रात्र वाईट जाऊ शकते. चक्कर, छातीत धडधड, पडण्याची भीती. टीएचसीने नाडी वाढते आणि उठताना रक्तदाब खाली येऊ शकतो. स्टेंट असलेल्या माणसाच्या बाबतीत ही बाब किरकोळ नाही.

तुपाबद्दल. कॅनडात घरी असं काही बनवायला कायद्याची आडकाठी नाही, फक्त ब्युटेनसारखी सेंद्रिय द्रावकं वापरून अर्क काढायला बंदी आहे. अडचण वेगळीच आहे. कच्च्या कीफमध्ये बहुतेक टीएचसीए असतं आणि तापवल्यावर त्याचं टीएचसी होतं. डबीवर टीएचसी आणि टोटल टीएचसी असे दोन आकडे असतील तर दुसरा बघायचा, तापवल्यानंतरचा तो. घरच्या ओव्हनमध्ये त्यातलं किती रूपांतर झालं आणि बरणीतल्या कुठल्या चमच्यात किती आलं, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. तरण्याताठ्या माणसाने स्वतःसाठी केलं तर मी काही म्हणणार नाही. आईसाठी करू नका.

आणि वाट कुठली, यावरही बरंच ठरतं. ओढलेलं काही मिनिटांत जाणवतं. पोटात गेलेलं अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत चढायला लागतं, पूर्ण भरात यायला चार तासही लागतात आणि बारा तासांपर्यंत टिकतं. ‘काहीच झालं नाही’ म्हणून तासाभराने दुसरा चमचा देणं, इथेच घरोघरी गडबड होते. रोझिन लोक बहुधा डॅब करतात, म्हणजे तापलेल्या पृष्ठभागावर टाकून वाफ ओढतात. वयस्कर, सवय नसलेल्या बाईसाठी तो मार्ग मी विचारातही घेणार नाही.

आता बाबांचं सांगते, कारण तुम्ही नेमके त्याच वळणावर उभे आहात.

बाबांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, त्यामुळे वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, कायमची. त्यात छातीवर नागीण उठली, फोड गेले पण आग राहिली. शर्ट अंगाला लागला तरी कळवळायचे. औषधी गांजाच्या एका क्लिनिकचं नाव कुणीतरी दिलं. आधी ऑनलाइन अर्ज भरला. त्यात चालू औषधांचा रकाना होता, तिथे मी वॉरफरिन मिलिग्रामसकट लिहिलं. मग व्हिडिओवर भेट झाली, चहा निवेपर्यंत संपलीसुद्धा. वॉरफरिनबद्दल एक प्रश्न नाही. सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) जास्त असलेलं तेल लिहून दिलं आणि सोबत एक तक्ता, ज्यात दर आठवड्याला मात्रा दुप्पट होत होती.

यकृतात वॉरफरिनची मोडतोड करणारी सीवायपी२सी९ नावाची विकरं (एन्झाइम) आहेत आणि सीबीडी त्यांनाच अडवतं. गोळी तीच राहते, पण रक्तातलं तिचं प्रमाण वाढत जातं. बाबांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग नाकातून, थांबेचना. इमर्जन्सीत आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारा आकडा, सातच्या वर निघाला. त्यांचा असायला हवा अडीच ते साडेतीन. व्हिटॅमिन के दिलं, रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. त्या वयात डोक्यात रक्तस्राव झाला असता तर? हा विचार मला आजही झोपू देत नाही.

क्लिनिकला फोन केला तर उत्तर मिळालं की आमचं काम फक्त परवानगीचा कागद देणं, औषधांचं फार्मासिस्टला विचारा. फार्मासिस्ट बिचारी म्हणाली, हे तेल माझ्या पडद्यावर दिसतच नाही. आणि तिचं खरं होतं. कॅनडात औषधी गांजा फार्मसीच्या काउंटरवरून येत नाही, परवानाधारक विक्रेता तो टपालाने घरी पाठवतो. दोन औषधं एकमेकांना धोकादायक असली की फार्मसीच्या संगणकावर जी सूचना उमटते, ती इथे उमटतच नाही. तुम्ही दुकानातून आणलेल्या डबीचंही तेच. दुकानातल्या मुलाला तर आरोग्याचा सल्ला देण्याची परवानगीच नाही. सगळ्या व्यवस्थेत गोळ्या आणि गांजा यांची यादी एकत्र पाहणारा माणूस कोणीच नेमलेला नाही. त्या क्लिनिकने पैसे घेऊन नेमकं तेवढंच करायचं होतं आणि समोर लिहिलेला शब्द वाचला नाही. मी तक्रार केली. उत्तरादाखल अभिप्रायाचा फॉर्म आला.

तुमच्या आईच्या बाबतीत गोष्ट उलटी होऊ शकते. क्लोपिडोग्रेल शरीरात गेल्यावर सीवायपी२सी१९ या विकरामुळे कामाला लागतं आणि सीबीडी त्यालाही अडवतं. म्हणजे रक्तस्रावाऐवजी गोळीचा असर कमी होण्याची भीती, आणि स्टेंटमध्ये गुठळी नको म्हणून तर ती गोळी आहे. त्यामुळे ‘सीबीडी तर निरुपद्रवी, नशा येत नाही’ हे वाक्य तिच्या बाबतीत मनातून काढून टाका. ती जळजळीसाठी प्रीगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन घेत असेल तर टीएचसीने गुंगी आणखी वाढेल, तेही विचारा.

माझं मत असं. कीफची डबी कुलपात ठेवा. आईच्या सगळ्या गोळ्या, अगदी आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा, एका कागदावर लिहा आणि हृदयरोगतज्ज्ञ, फॅमिली डॉक्टर आणि फार्मासिस्ट तिघांना दाखवा. गांजाचं जे काही सुरू कराल, ते आईच्या नोंदीत हाताने चढवायला फार्मासिस्टला सांगा. आमची चढवते. डॉक्टरांनी होकार दिलाच तर बाटलीतलं मोजता येणारं तेल घ्या, ज्यावर प्रत्येक मिलिलिटरमधले मिलिग्राम छापलेले असतात आणि सोबत सिरिंज येते. नेहमी एकाच प्रकारच्या जेवणानंतर द्या, कारण स्निग्ध जेवणासोबत सीबीडी कितीतरी जास्त शोषलं जातं. बाबा आता हृदयाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आयएनआर वारंवार तपासत, रात्री अगदी थोडं टीएचसी घेतात. आग गेलेली नाही. झोप लागते. मज्जातंतूंच्या दुखण्यावर यापेक्षा मोठी आशा धरू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गाडी चालवत असेल तर तोही विचार करा. ओन्टारिओत रक्तात दर मिलिलिटरला २ नॅनोग्राम टीएचसीपासून गुन्हा सुरू होतो. आणि खर्चाचं: करात वैद्यकीय खर्च दाखवायचा तर डॉक्टरांचा कागद आणि परवानाधारक विक्रेत्याकडची नोंदणी हवी, दुकानाची पावती चालत नाही.

पुण्याला मात्र काहीही देऊ नका, अर्धी बाटलीसुद्धा नाही. वैद्यकीय कागद असला तरी कॅनडाबाहेर गांजा नेणं हा इथेच गुन्हा आहे. तिकडे १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात चरसाच्या व्याख्येतच हशीश तेल धरलेलं आहे, त्यामुळे तुमचं ‘औषधाचं तेल’ मुंबईच्या विमानतळावर चरस ठरू शकेल. त्या वयाच्या बाईला कस्टम्सच्या खोलीत बसवायचं आहे का? भारतात आयुषच्या परवान्याखाली विजयाच्या (गांजाच्या झाडाच्या) पानांची औषधं वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतात, पण तिथेही गोळ्यांची हीच यादी आधी दाखवा.

आणि समजा इथे डॉक्टरांच्या संमतीने तेल सुरू झालं, तर ते पुण्याला निघायच्या दिवशी एकदम बंद होईल. सीबीडी बंद झालं की अडवलेली विकरं पुन्हा मोकळी होतात आणि बाकीच्या गोळ्यांचा असर परत बदलतो. म्हणून निघायच्या आधी काही आठवडे डॉक्टरांना तारीख सांगा आणि पुण्यातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या हातात पडेल असा कागद आईच्या पर्समध्ये ठेवा: काय घेत होती, किती मिलिग्राम, शेवटची मात्रा कधी.