सासऱ्यांचा मान आणि आईची खुर्ची

पत्र:

जय ख्रिस्त मावशी. माझं लग्न होऊन तीन वर्षं झालीत, मी सोलापुरातच एका हॉस्पिटलात बिलिंगला आहे. माझी आई विडी कामगार, अशोक चौकाच्या पलीकडं राहते, वडील लहानपणीच गेले, विड्या वळून तिनंच मला शिकवलं. सासरे रिटायर्ड हेडमास्तर आणि आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंच. ईस्टरच्या प्रीतिभोजनाला आई आली, गुडघे दुखतात म्हणून पुढं कूलरजवळ बसली, तर सासरे सगळ्यांसमोर म्हणाले, ओ बाई, ह्या खुर्च्या पाहुण्यांच्या आहेत, तुम्ही मागं बसा. आणि शेजारच्या पंचांना हळूच म्हणाले की विडीचा वास येतो, शेवटी पापाचा धंदा तो. आईनं ऐकलं. ती उठली, मागं गेली, जेवली पण नाही. घरी आल्यावर मी सासऱ्यांना म्हणाले की असला पंच असण्यापेक्षा मंडळीला पंच नसलेला बरा. तेव्हापासून घरात अबोला. नवरा म्हणतो बाबांची माफी माग, आईबापाचा मान राख असं शास्त्रात लिहिलंय. आई म्हणते जाऊ दे. मला तर मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं लिहून टाकावंसं वाटतंय. मी खरंच आज्ञा मोडली का?

उत्तर:

जय ख्रिस्त बाळा. तुझं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं, जास्त करून "जेवली पण नाही" हे वाचून. ईस्टरचा दिवस, प्रभू उठला म्हणून सगळी मंडळी आनंदानं एकत्र जेवायला बसलेली, आणि एक बाई उपाशी घरी जाते, ती पण कुणाची तरी विहीण, ह्याच्यापुढं बाकीचं भांडण मला लहान वाटतंय.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू सासऱ्यांना जाब विचारलास, त्यात आज्ञा मोडली नाही. पण ते जे वाक्य बोललीस ना, असला पंच नसलेला बरा, ते टाकून बोलणं झालं. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात प्रेषित पौल त्याच्या हाताखालच्या तरुण तीमथ्याला सांगतो की वयानं मोठ्या माणसाला टाकून बोलू नकोस, त्याला बापासारखं मानून समजाव. बघ की, समजाव म्हणतोय, गप्प बस म्हणत नाही. म्हणून माफी माग, पण तेवढ्या एका वाक्याची माग. आईसाठी बोललीस त्याची मागू नकोस, आणि दोन्ही एकत्र तर अजिबात करू नकोस, नाहीतर घरात असा अर्थ होईल की सून चुकली, विषय संपला.

नवऱ्याला माझ्या नावानं एक गोष्ट सांग, प्रेमानं सांग. बायबलमधल्या निर्गमच्या विसाव्या अध्यायात आहे ती आज्ञा, आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख. त्यात आई पण आहे ना? मग तुझी आई आई नाही का, आणि लग्न लागल्यापासून ती त्याची पण आई झाली ना? त्या मांडवात त्याची सासू उठून मागं जात होती तेव्हा तो कुठं होता, हे तू लिहिलं नाहीस, मला ते जाणून घ्यायला आवडलं असतं. आणि मुलांनी आईबापाची आज्ञा पाळावी हे इफिसच्या पत्रात जिथं लिहिलंय तिथंच दोन-तीन ओळी सोडून बापांना पण सांगितलंय की मुलांना चीड येईल असं वागू नका. आपल्याकडं पहिली ओळ भिंतीवर लागते आणि दुसरी कुणी पाठ पण करत नाही.

येशूनं ही आईबापाची आज्ञा स्वतः कशी वापरली ते मार्कच्या सातव्या अध्यायात आहे, एकदा नवऱ्याबरोबर बसून वाच. लोक म्हणायचे की आईबापाला द्यायचं ते मी देवाला अर्पण करून टाकलंय, कुर्बान आहे ते, आता त्यांना काही देता येत नाही. म्हणजे देवाचं नाव पुढं करायचं आणि म्हाताऱ्या आईबापाला वाऱ्यावर सोडायचं. प्रभू त्यांच्यावर खवळला. ही आज्ञा त्यानं दुबळ्या पडलेल्या आईबापाच्या बाजूनं धरली, आणि ज्यांच्यावर खवळला ते शास्त्र जाणणारे, मानाचे लोक होते.

खुर्चीचं म्हणशील तर याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय जणू त्या मांडवात बसूनच लिहिलाय. सभेत एक जण सोन्याची अंगठी आणि भारी कपडे घालून येतो, दुसरा मळक्या कपड्यातला गरीब येतो, आणि तुम्ही पहिल्याला म्हणता इथं चांगल्या जागी बसा आणि दुसऱ्याला म्हणता तिकडं उभा रहा नाहीतर माझ्या पायाशी बस, मग तुम्ही भेदभाव केला की नाही? असं याकोब विचारतो. खुर्च्या राखून ठेवण्यात माझ्या मते काही वाईट नाही, एप्रिलमधलं सोलापूरचं ऊन सगळ्यांना माहितीय, लांबून आलेल्या म्हाताऱ्या पाहुण्याला कूलरजवळ बसवावंच. पण गुडघे धरून बसलेल्या बाईला उठवून नाही. करिंथच्या मंडळीत पण हेच चाललेलं, पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे, काही जण आधीच पोटभर खाऊन घ्यायचे आणि गरीब भाऊबहिणी उपाशी, तर पौल त्यांना विचारतो की ज्यांच्याकडं काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का. प्रभुभोजनाबद्दलचे जे शब्द आपले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, प्रत्येक वेळी वाचतात ना, ते त्याच अध्यायात, ह्याच भांडणाच्या पुढं आलेत.

सासरे शिक्षक होते म्हणजे हे त्यांना माहीतच असेल, तरी लिहिते. अमेरिकन मराठी मिशन ह्या धर्मप्रचारकांच्या संस्थेची माणसं १८६० च्या दशकात सोलापुरात आली, शाळा निघाल्या, चर्च उभं राहिलं. आपल्यातल्या कितीतरी घरांच्या पणजोबा-खापरपणजोबांना त्या काळी गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता, देवळाच्या पायरीवर चढता येत नव्हतं, आणि उपासनेत मात्र ते सगळ्यांबरोबर एका बाकावर बसायला लागले. तो बाक आपल्या लोकांनी फार मोठी किंमत देऊन मिळवलाय, काहींना घरच्यांनी टाकलं, काहींची जमीन गेली, आणि आज त्यांचीच नातवंडं-पतवंडं कुणी कुठं बसायचं हे ठरवायला लागली तर मला गप्प राहवत नाही.

विडीच्या वासाबद्दल पण बोलायलाच पाहिजे. तंबाखू वाईट, ते मी नाकारत नाही, आणि ज्या बाया दिवसभर मांडीवर सूप घेऊन पानात तंबाखू भरतात त्यांच्याच छातीत ती धूळ जाते. सोलापुरात हजारो बाया हे काम करतात कारण घरात बसून, लेकरं सांभाळून करता येईल असं दुसरं काम त्यांना मिळालं नाही. पापाचा धंदा म्हणणाऱ्यांनी कधी कारखानदाराला पुढच्या खुर्चीवरनं उठवलंय का? येशूनं लुबाडणारे म्हणून बदनाम असलेल्या जकातदाराच्या घरी जाऊन जेवण केलं, जक्कयाला झाडावरनं खाली बोलावलं आणि म्हणाला आज मला तुझ्या घरी उतरायचंय, त्याच्या हिशोबाची वही आधी मागितली नाही. तुझ्या आईनं तर कुणाला लुबाडलं पण नाही, बोटं झिजवून एक मुलगी शिकवली.

आणि पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला नेहमी आठवतं. पुण्याकडं रेल्वेनं जाताना केडगाव लागतं बघ, तिथं निराधार बायकांसाठी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत, आणि १९२२ मध्ये वारल्या तोवर त्याच कामात होत्या. एवढी संस्कृत पंडिता, पण कष्ट कुणासाठी घेतले तर जेमतेम अक्षरओळख झालेल्या बायांसाठी. ख्रिस्ती माणसानं मान कसा द्यावा हे मला तिथं दिसतं.

आता सासऱ्यांशी कसं बोलायचं. ग्रुपवर लिहू नकोस, काहीही झालं तरी नको. तू लिहिशील सासऱ्यांबद्दल पण सगळ्यांच्या फोनात फिरेल ती तुझ्या आईच्या अपमानाची गोष्ट, दोन दिवस सगळे हात जोडलेली चित्रं टाकतील आणि आईला पुढच्या रविवारी चर्चमध्ये पाऊल टाकणं अवघड होईल. मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभूनं रस्ता सांगितलाय, भावानं अपराध केला तर आधी त्याला एकट्याला गाठून सांग, नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर ने, तरी नाही तर मग मंडळीला सांग. तू थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारायला निघालीस.

तर एखाद्या दिवशी संध्याकाळी कुटुंबप्रार्थना झाली की थांब, नवऱ्याला पण थांबव, आणि म्हण, "बाबा, त्या दिवशी मी तुमच्या पंचपणावर बोलले, ते चुकलं, मला माफ करा. पण तुम्ही आईला उठवलंत आणि वासाचं बोललात ते तिनं ऐकलं, ती न जेवता गेली, आणि ते मला अजून सहन होत नाही." एवढंच. पुढं शास्त्रवचनं टाकत बसू नकोस, माणूस हेडमास्तर आहे, वचनाला वचनानं उत्तर देतील आणि आई बाजूलाच राहील. बोलून झालं की गप्प बस, त्यांना वेळ दे, त्याच रात्री उत्तर आलं पाहिजे असं नाही.

ह्याच्यात त्यांचा मान जातो असं मला वाटत नाही. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र आधी परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, भावांबरोबर जेवायचा, मग यरुशलेमकडची माणसं आली तसा घाबरून वेगळा बसायला लागला, तेव्हा पौलानं त्याला तोंडावर सांगितलं की हे चुकतंय. तो वाद पण जेवायला कुणाबरोबर बसायचं ह्याचाच होता बघ. पेत्राएवढ्या माणसाला कुणीतरी सांगावं लागलं. सासऱ्यांशी अबोला धरणं म्हणजे मनातनं त्यांना सोडून देणं, हा माणूस काही बदलत नाही असं ठरवून टाकणं. त्यापेक्षा समोर बसून बोललीस तर त्यांचा जास्त मान राखलास असं मी म्हणेन.

त्यांनी ऐकलं तर फारच छान. नाही ऐकलं तर नवऱ्याला घेऊन पाळक साहेबांकडं जा, घरातलं सगळं उगाळू नका, एवढीच मागणी करा की पुढच्या प्रीतिभोजनाला पुढच्या खुर्च्या म्हाताऱ्या, आजारी आणि गरोदर माणसांसाठी असतील असं कमिटीनं आधीच ठरवून जाहीर करावं.

पण ह्या सगळ्याच्या आधी आईकडं जा. ती जाऊ दे म्हणाली, पण त्या जाऊ देच्या मागं काय आहे ते तू विचारलंस का? कदाचित तिनं खरंच माफ केलं असेल, कदाचित लेकीचा संसार मोडू नये म्हणून गिळलं असेल, दोन्हीत फार फरक आहे. सासऱ्यांशी तुझ्या दुखण्याबद्दल बोलायला तुला कुणाची परवानगी नको, ते तुलाही लागलंय. पण त्यांनी येऊन तिची माफी मागावी असं तुला वाटत असेल तर तिला ते हवंय का, कुठं हवंय, घरी की मंडळीसमोर, की नकोच, हे तिला ठरवू दे.