वाचक विचारतात: चेक बिअर आणि मोरावियाची वाईन

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये प्रागला जातोय. तिथे बिअरपुढे १० किंवा १२ असा आकडा लिहितात. एवढी कडक? आणि वर बोटभर फेस असला तर ग्लास परत करावा का?

उत्तर: हा आकडा अल्कोहोलचा नाही. आंबवण्याआधीच्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) रसात शंभर ग्रॅममागे किती ग्रॅम अर्क, म्हणजे मुख्यतः साखर, होता, ते तो सांगतो. दहाची 'देसीत्का' साधारण ४ टक्के, बाराची 'द्वानात्स्त्का' ५ टक्क्यांच्या आसपास. दिवसभर भटकायचं असेल तर दहाचीच घ्या.

फेस परत करू नका, बोटभर तर कमीच झाला! 'ह्लादिंका' पद्धतीत आधी ग्लासात ओला, साईसारखा फेस सोडतात आणि नळाचं तोंड त्यात बुडवून खालून बिअर भरतात. वर सुमारे तीन बोटं थर राहतो. तो हवा अडवतो, त्यामुळे हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) वास टिकतो. मोठे बुडबुडे येऊन फेस लगेच बसला, तर मात्र ग्लास नीट धुतलेला नाही किंवा ओतणाऱ्याचा हात कच्चा आहे. 'म्लीको' (म्हणजे दूध) मागवलंत तर जवळजवळ सगळा फेसच येईल. तो रेंगाळत नाही, लगेच प्यायचा.

जुन्या पबमध्ये टेबलावरच्या चिठ्ठीवर वेटर रेघा मारतो. तेच बिल, ती हरवू नका. ग्लास रिकामा होत आला की न विचारता पुढचा येऊ शकतो. नको असेल तर ग्लासावर कोस्टर ठेवा.

प्रश्न: मोरावियात (चेक देशाच्या पूर्व भागात) मिळणारा 'बुर्चाक' बाटलीत भरून भारतात आणता येईल का?

उत्तर: नाही. बुर्चाक म्हणजे आंबणं चालू असलेला द्राक्षरस. त्यातून सतत वायू सुटतो, म्हणून झाकण सैलच ठेवावं लागतं. घट्ट लावलं तर बाटली फुटते, सैल ठेवलं तर आडवी होताच सांडते. थंडीत आंबणं मंदावतं, थांबत नाही. चव गोड सरबताची, पण अल्कोहोल तासागणिक वाढतो आणि पोटातही गडबड करतो. पहिल्यांदा एक पेला पुरे. विक्री फक्त १ ऑगस्ट ते ३० नोव्हेंबर, तीही चेक द्राक्षांच्याच रसाची. गाडी चालवणार असाल तर एक घोटही नको, तिथे चालकाला मर्यादा शून्य आहे.

प्रश्न: लेबलवर 'पोझ्द्नी स्बेर' म्हणजे गोड वाईन का?

उत्तर: तसं नाही. त्याचा अर्थ उशिराची तोडणी: १०० लिटर रसात किमान २१ किलो साखर. ती सगळी आंबून गेलेली असू शकते. गोड नको असेल तर 'सुखे' (म्हणजे ड्राय, बिनगोड) हा शब्द शोधा. आपल्या 'सुक्या'चाच हा भाऊबंद. 'स्लाद्के' म्हणजे गोड.