चौकटीच्या खाली

तुम्ही विचारलंत, "आता रोज व्हिडिओ कॉल करता येतो, मग घरच्यांपासून लांब असल्यासारखं वाटतं का?" तीन दिवस उत्तर लिहितोय आणि खोडतोय. व्हिसा, विमा वगैरेंची माहिती सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेली आहे, त्यात मी शिरत नाही.

मी २००१ मध्ये देशाबाहेर पडलो. तेव्हा कॉलिंग कार्ड खरवडायचं, लांबलचक आकडे दाबायचे आणि मिनिटं संपायच्या आत महत्त्वाचं तेवढं बोलून घ्यायचं. बाबा कागदावर मुद्दे लिहून ठेवायचे. वाईट बातमी असेल तर ती सगळ्यात आधी यायची, कारण लाइन कधी तुटेल याचा नेम नसायचा. २००३ मध्ये स्काइप आलं, पुढे त्यात व्हिडिओ आला, आणि २०१६ च्या शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवरच चेहरे दिसायला लागले. रोजचं बोलणं सुरू झालं. रोज बोलतोय म्हणजे घरचं सगळं मला कळतंय, असं मी धरूनच चाललो.

मग माझा मायदेशातला मोबाइल नंबर बंद पडला. रिचार्ज करायचं माझ्याकडूनच राहिलं. बाबांच्या आणि माझ्या जोडखात्याचा ओटीपी त्याच नंबरवर यायचा. नंबर बदलायला गेलो, तर त्यासाठीचा ओटीपीसुद्धा जुन्याच नंबरवर! किती ईमेल केल्या असतील, दर वेळी तेच छापील उत्तर. शेवटी कळलं की दोघांच्या सह्यांचा अर्ज शाखेत द्यायचा. मी सही करून पाठवला, बाबांनी नेऊन दिला आणि तो परत आला. बाबांची सही जुळत नव्हती.

मी चिडून अर्जाचा फोटो मागवला. बाबांची सही म्हणजे एका दमात केलेली, शेवटी खाली झोकदार रेघ. फोटोतली अक्षरं सुटी सुटी, पहिलीतल्या मुलानं गिरवल्यासारखी, आणि रेघ मध्येच थांबलेली. डाव्या हाताची सही होती ती.

उजवं मनगट मोडून तीन आठवडे झाले होते. त्या तीन आठवड्यांत आम्ही एक दिवस चुकवला नव्हता. फोन पुस्तकांना टेकवलेला असायचा, बाबा खांद्यापासून वर दिसायचे, प्लास्टर चौकटीच्या खाली. आई शेजारी बसून हसायची. "तू तिथून काय करणार होतास?" एवढंच ती म्हणाली. मला आजही उत्तर सुचलेलं नाही. बँकेवरचा राग मात्र जात नाही. हाताला प्लास्टर दिसत असताना सही जुळत नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाला माघारी कसं पाठवलं?

म्हणून सांगतो, नंबर चालू ठेवा, आणि परदेशातला नंबर खात्याला जोडता येतो का, ते निघण्याआधीच शाखेत जाऊन विचारा. जाणार तिथे कोणतं अ‍ॅप चालतं तेही बघा. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप बंद आहे, संयुक्त अरब अमिरातीत त्यावरून कॉल लागत नाहीत. जपून ठेवावेसे निरोप वेळीच उतरवून घ्या. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं, त्याआधी बाबांनी लिहिलेलं सगळं मी काढून घेतलं. आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेऱ्याशिवाय बोला. चेहरा सावरता येतो, आवाज तितका सावरत नाही.

एकटेपणाचं म्हणाल तर तो येतो, कामाला लागलं की जातो. त्याची एवढी धास्ती घेऊ नका.

त्यापेक्षा घरच्यांशी एक ठरवून निघा, की वाईट बातमी त्याच दिवशी सांगायची, दोन्ही बाजूंनी. बाबांकडून मी हे कबूल करून घेतलं आणि ते पाळतात. मी नाही पाळलं. मध्यंतरी माझी नोकरी गेली होती, तेव्हा तीन महिने मी कॉलच्या आधी इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो. आता दुसरी मिळाली आहे. त्यांना ते अजून सांगितलेलं नाही.