उबुंटूवर ब्लूटूथ हेडसेट लावला की गाणी मस्त वाजतात पण कॉलवर समोरच्याला आवाज जात नाही, काय करू?

अहो तुमचा हेडसेट बहुतेक धडधाकट आहे, प्रोफाईल (म्हणजे ब्लूटूथ कोणत्या कामासाठी वापरायचं ती सेटिंग) चुकीचं लागलंय. गाण्यांसाठी जे ए-टू-डीपी प्रोफाईल असतं ना, त्यात माइक चालतच नाही, म्हणून पॅवूकंट्रोल नावाचं छोटं ॲप टाका (सॉफ्टवेअर सेंटरमध्ये पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल म्हणून मिळतं), त्यातल्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये हेडसेटसमोर एचएसपी/एचएफपी (कॉलसाठीचं, माइकवालं प्रोफाईल) निवडा, मग इनपुट डिव्हायसेसमध्ये माइक दिसायला लागेल. आवाजाची क्वालिटी मात्र पडणार, जुन्या कोडेकवर (आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीवर) तर 8 किलोहर्ट्झच, अगदी लँडलाइनसारखं, ते तसंच असतं.

आता खरी गोम. कॉल चालू ठेवूनच रेकॉर्डिंग टॅब उघडा, कारण ॲप माइक वापरत असेल तरच तिथे दिसतं. बऱ्याचदा ॲप लॅपटॉपच्याच माइकला चिकटून बसलेलं असतं, तिथूनच बदला. ॲप स्नॅपवालं (उबुंटूच्या स्नॅप पॅकेजमधून टाकलेलं) असेल तर माइकची परवानगी पण बघा. 22.10 पासून उबुंटूत आवाज सांभाळणाऱ्या पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आलंय, पण पॅवूकंट्रोल दोन्हीवर चालतं त्यामुळे टेन्शन नाही.

रोज ऐरोलीच्या ऑफिसशी मीटिंग असेल तर माझं ऐका, ठाणे स्टेशनबाहेरून साधा वायरवाला यूएसबी हेडसेट घ्या, माइक आणि स्पीकर एकत्र चालतात, प्रोफाईलची ही झंझटच नाही. घोडबंदरच्या ट्रॅफिकचे हॉर्न तेवढे त्यातूनही जातील, त्यावर इलाज खिडकीच.