एकही राग नाही

"ताई, सहाशे चाळीस गाणी आहेत आणि त्यांत एकही राग नाही."

"मग चांगलंच की, शांत मुलगा दिसतोय," मी म्हटलं. ती हसली नाही. मी विवाह-समुपदेशक; पहिल्या भेटीत माझे विनोद क्वचितच चालतात.

तिला इथे मृण्मयी म्हणू; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इंदूरचीच, वय 28, लहानपणापासून ख्याल शिकलेली, विजयनगरला आयटीत नोकरी. स्थळ सुदामानगरचं. चार भेटी झाल्या होत्या, मुलगा आवडलाही होता. पाचव्या भेटीत त्याने गाडीतला पेनड्राइव्ह काढून दिला, "घे, तुझी चार गाणी टाक यात." हिने घरी जाऊन तो लॅपटॉपला लावला आणि झोप उडवून घेतली. माझ्यापुढे कागद ठेवला. चक्क तक्ता केला होता: नव्वदच्या दशकातली हिंदी गाणी 305, डीजे रिमिक्स 214, पंजाबी 110, आरत्या 11.

"आवडच जुळत नाही, तर संसार कसा जमणार?" हे विचारणारे माझ्याकडे पुष्कळ येतात. हल्ली बहुतेकांच्या हातात दुसऱ्याच्या प्लेलिस्टचा स्क्रीनशॉट असतो. ही काळजी मी उडवून लावत नाही. रेंटफ्रो आणि गॉसलिंग या मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा एक अभ्यास आहे. अनोळखी विद्यार्थ्यांना सहा आठवडे एकमेकांची ओळख करून घ्यायला सांगितली, तर सगळ्यात जास्त गप्पा संगीतावर रंगल्या. नुसती आवडती 10 गाणी ऐकून माणूस ओळखायला लावलं, तेव्हा नव्या अनुभवांची हौस बऱ्यापैकी ओळखता आली. जबाबदारपणा काही ओळखता आला नाही. आता लग्नात विजेचं बिल वेळेवर कोण भरणार हे कळायला हवं असेल, तर पेनड्राइव्ह काय सांगणार? त्यातून जेल रोडवर दुकानदार अख्खा पेनड्राइव्ह भरून देतात, घेणारा निम्मी गाणी उघडूनसुद्धा बघत नाही.

हे सगळं तिला पटलं, पण चेहरा तसाच. दुसऱ्या भेटीत मी विचारलं, "एकही राग नसला तर नेमकं काय बिघडेल?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "ज्याला ऐकता येत नाही, तो माझं काय ऐकणार?"

म्हणून मी तिच्या घरी कोण कसं ऐकायचं ते विचारलं. वडील इंदूरचे ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेब यांचे निस्सीम भक्त. रविवारी सकाळी खुर्ची भिंतीकडे वळवून बसायचे. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि बाबा न वळता उजवा हात वर करायचे. थांब, सम येऊ दे, म्हणजे तालाची पहिली मात्रा. ताल झुमरा, 14 मात्रांचा, लय अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ. एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, सरायला पाऊण-एक मिनिट जायचं. तेवढ्यात आई दाराशी येऊन, पदराला हात पुसून, काही न बोलता परत जायची. हे सांगताना मृण्मयीचा स्वतःचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. तिने तो खाली घेतला, पर्समध्ये रुमाल शोधू लागली.

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसावं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली आहेत.

मग आम्ही तो तक्ता बाजूला ठेवला आणि कामाचं बोललो. गाण्याच्या बाबतीत त्याला काय विचारायचं? आवडतं का, हे नकोच. साखरपुड्याआधी सगळ्यांनाच सगळं आवडतं. विचारायचं ते हे, की सकाळी साडेपाचला घरात तानपुरा लागला तर चालेल का, कोणाची झोपमोड होईल, रियाजाला बसायचं कुठे. तिने विचारलं. त्याने लगेच "हो हो, का नाही" म्हटलं असतं, तर मला जरा धास्तीच वाटली असती. तो म्हणाला, "दादाची रात्रपाळी असते, तो सहाला येऊन झोपतो. मागच्या खोलीत होईल का बघू." आणि पुढच्या रविवारी तिला घरी बोलावून, मागच्या खोलीत फोनवर तानपुरा लावून, स्वतः दादाच्या पलंगावर जाऊन आडवा झाला, किती ऐकू येतं ते बघायला. येत होतं. पुष्कळच येत होतं. त्यावर अजून तोडगा निघालेला नाही.

परवा ती आली तेव्हा पेनड्राइव्ह तिच्याच पर्समध्ये होता. त्यात तिने खाँसाहेबांचा संथ चालीचा राग मारवा टाकला होता. पलासियाच्या सिग्नलवर तो सुरू झाला. सहा मिनिटं तो बिचारा गप्प बसून ऐकत होता आणि मग म्हणाला, "छान आहे. सुरू कधी होणार?"

हे सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. जाताना पुढची वेळ मागितली, दोघांसाठी.