पुस्तकाला पेपरचं कव्हर कशाला?

सोलापूर,
रविवार दुपार

प्रिय मुली,

काल तू गेलीस आणि पुस्तक इथंच विसरलीस. पेपरचं कव्हर बघून मला वाटलं, स्पर्धा परीक्षेचं काहीतरी असेल. उघडलं तर कर्टिस सिटनफेल्डची 'रोमँटिक कॉमेडी'! अगं, यात लपवण्यासारखं काय होतं? इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं म्हणून मी नाक मुरडीन असं वाटलं होय तुला? रात्री दीडपर्यंत वाचत बसले. सकाळी दूध उतू गेलं ते त्यामुळंच.

मागं तू विचारलं होतंस, लिहायला शिकायचं तर असलं वाचून काही हाती लागतं का, की नुसता टाइमपास? टाइमपास होतोच, आणि होऊ दे की. पण वाचताना एक बघ: लेखिकेनं अडचण कुठं ठेवली आहे?

आपल्याकडच्या प्रेमकथेत अडचण बहुतेक दारातून आत येते. जात, वडील, पैसा, नाहीतर भाऊबंद. इथं तसं कुणीच आडवं येत नाही. सॅली टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाची लेखिका, घटस्फोटित, हुशार, तोंडानं फटकळ. नोआ जगप्रसिद्ध गायक. त्याला ती आवडते हे आपल्याला केव्हाच कळतं. कळत नाही ते फक्त तिला. त्यात गंमत अशी, की साध्या दिसण्याच्या पुरुषाला देखणी, प्रसिद्ध बाई मिळते, उलटं मात्र कधी होत नाही, हा नियम तिनंच काढलाय. तिच्या ऑफिसातल्या डॅनी हॉर्स्टचं एका नटीशी जमलंय, त्याच्यावरून. त्यावर ती स्किटही लिहिते. म्हणजे जे मनात सलतंय त्याचाच तिनं आधी विनोद करून ठेवलाय. पुढं नोआ समोर उभा असताना तो नियम काही तिला सोडवत नाही. शनिवारच्या पार्टीत टोचून बोलते आणि सगळं घालवून बसते. ते पान मी दोनदा वाचलं. मलाही तसं बोलायची सवय होती. असो.

दुसरं म्हणजे काम. कादंबरीतला कार्यक्रम काल्पनिक आहे, पण तो बेतलाय 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'वर. न्यूयॉर्कमध्ये 1975 पासून चालू आहे तो. सोमवारी कल्पना मांडायच्या, मंगळवारी रात्रभर जागून लिहायचं, बुधवारी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं, मग सेट, तालमी. शनिवारी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते, त्यात पडलेली स्किटं तिथल्या तिथं बाद, आणि साडेअकराला थेट प्रक्षेपण. पहिला भाग या एका आठवड्यावर उभा आहे. दोघं एकमेकांकडं बघतात ते संवाद दुरुस्त करता करता. प्रेम निवांत वेळी जमत नाही, ते कामाच्या धबडग्यात मधे कुठंतरी घुसतं, हे लेखिकेला पक्कं ठाऊक आहे. (मी सोलापूरची, आता ताण्याबाण्याची आणि चादरीची उपमा देईन असं वाटलं असेल तुला. देत नाही.)

सेलिब्रिटी हा प्रकार खरा कसा रंगवायचा, हे जास्त अवघड. तसं आपल्या जिल्ह्याला ते नवीन नाही. अकलूजची रिंकू राजगुरू शाळकरी वयातच, 2016 मध्ये, एका सिनेमानं घराघरांत पोचली. पण मला आठवतं ते वेगळंच. हुतात्मा स्मृती मंदिरात एकदा नाटक संपल्यावर मी सहीसाठी मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले. नट बाहेर आला तेव्हा त्याचा अर्धा चेहरा पुसलेला, कानामागं रंग तसाच. मी वही पुढं केली. तो म्हणाला, "ताई, आधी पाणी मिळेल का?" माझ्याकडं बाटली नव्हती. पळत जाऊन चहावाल्याकडून ग्लास आणला. पाणी पिऊन तो गाडीत बसला, सही राहूनच गेली. पण कानामागचा तो रंग मी विसरलेले नाही. नोआबद्दल वाचताना असा कानामागचा रंग कुठं दिसतो तिथं पेन्सिलनं खूण कर. पुस्तक तुझंच आहे, बिनधास्त कर. मला चार जागा सापडल्या.

मधला भाग ईमेलचा. साल 2020, सगळे घरात अडकलेले. माझ्या मते पुस्तकाचा जीव तिथं आहे. ती पत्रं मोठ्यानं वाच आणि नावांवर बोट ठेव. कोण बोलतंय ते तरीही कळतं का बघ. मग तुझ्या गोष्टीतल्या संवादांवर तसंच बोट ठेव. तुझ्या नायक-नायिकेचं बोलणं अगदी एकसारखं आहे, हे मी काल सांगणार होते, तेवढ्यात तुझी रिक्षा आली.

तिसरा भाग मला पातळ वाटला, पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी घातल्यासारखा. ती गाडी चालवत लॉस एंजेलिसला पोचते आणि मग पैशानं बरेच प्रश्न परस्पर सुटतात. तुला आवडला असेल तर भांड माझ्याशी.

इंग्रजीचं म्हणशील तर पहिल्या वाचनाला डिक्शनरी लांब ठेव. तिथल्या नटांची, कार्यक्रमांची नावं कळली नाहीत तर पुढं जा. आपल्या हास्यजत्रेतल्या कोट्या तरी न्यूयॉर्कच्या माणसाला कुठं कळणार आहेत?

आणि एक पान लिहून आण. टीव्हीवरचा नट प्रयोगासाठी सोलापुरात आलाय, नवी पेठेतल्या एका घरी जेवायला बसलाय. शेंगाचटणीनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलंय आणि तो "वा, मस्त" म्हणतोय. वाढणाऱ्या मुलीला ते दिसलंय. प्रेम हा शब्द कुठं आला तर मी पान परत करीन.

पुस्तक बुधवारी घेऊन जा, पाचनंतर मी घरीच असते. कव्हर काढून ठेवलंय. त्यावर शब्दकोडं होतं, ते सोडवलं. आडवा सात तेवढा राहिलाय.

तुझ्या,
बाई